पाण्याच्या आधी पोचलेला माणूस

उन्हाळा कडक पडला आणि उजनीचे पाणी ओसरू लागले, की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर धरणाच्या पाण्यातून वर डोकावते. पाणी आणखी खाली गेले की भिंती दिसतात, खांब दिसतात. आजूबाजूच्या गावांतली माणसे होडीतून, मग चिखलातून वाट काढत दर्शनाला जातात. म्हातारीकोतारी नातवंडांना बोट दाखवून सांगतात, इथे आपली वेस होती, तिथे आपली विहीर होती. पाऊस पडतो, धरण भरते आणि देऊळ पुन्हा पाण्याखाली जाते. महाराष्ट्राला हे दृश्य नवे नाही. धरण म्हटले की पाणी, वीज, ऊस आणि हिरवी शेते जशी आली, तशी बुडालेली गावेही आलीच.

पण धरणाच्या पोटात केवळ आजचीच गावे जातात असे नाही. माणूस हजारो वर्षे नदीकाठीच राहत आला. त्यामुळे नदीचे खोरे बुडते तेव्हा त्या काठावर होऊन गेलेल्या शेकडो पिढ्यांची घरे, चुली, मडकी आणि दफने एकदमच बुडतात. पाणी चढण्याआधी कोणीतरी तिथे जावे, जमिनीत काय आहे ते पाहावे, मोजावे, लिहून ठेवावे, ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती साधी नव्हती. १९०७ साली नाईल नदीच्या काठी एका संपूर्ण खोऱ्याची अशी पद्धतशीर पाहणी सुरू झाली. या प्रकारची जगातली पहिली मोठी पाहणी म्हणून ती ओळखली जाते. ती ज्याच्या हाती सोपवली होती, तो माणूस म्हणजे जॉर्ज अँड्र्यू रायस्नर. पुरातत्त्वाच्या जगात हे नाव आजही आदराने घेतले जाते, आणि त्यांनी केलेल्या एका मोठ्या चुकीसाठीही ते आठवले जाते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कशा, हे पाहण्यासारखे आहे.

भाषांकडून मातीकडे

रायस्नर यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८६७ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस या शहरात झाला. घराणे मूळचे जर्मन. मुलगा हुशार निघाला, हार्वर्डला गेला आणि १८९३ साली सेमिटिक भाषांचा अभ्यास करून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीत गेले. विषय होता बॅबिलोनच्या कीलाक्षर लिपीतल्या मजकुरांचा. पण बर्लिनमध्ये अ‍ॅडॉल्फ एर्मान आणि कुर्ट झेटे या ईजिप्तविद्येच्या पंडितांशी गाठ पडली आणि रायस्नर यांचे मन टायग्रिस-युफ्रेटिसच्या दुआबातून उठून नाईलच्या काठी जाऊन बसले. ते पुढे आयुष्यभर तिथेच राहिले.

१८९७ साली कैरोच्या संग्रहालयातल्या वस्तूंची सूची करण्याच्या कामासाठी ते ईजिप्तला पोचले. ताईत, गंडे, लाकडी नौकांच्या प्रतिकृती अशा हजारो बारीकसारीक वस्तूंच्या नोंदी करायच्या होत्या. कोणालाही कंटाळा यावा असे हे काम. रायस्नर यांना मात्र त्यातून एक गोष्ट कळली. संग्रहालयात वस्तू ढिगाने होत्या, पण त्यातल्या बहुतेक कुठे सापडल्या, कशाच्या शेजारी सापडल्या, कोणत्या थरात होत्या, याचा पत्ता नव्हता. वस्तू होती, तिची हकीकत हरवली होती.

त्या काळात उत्खनन म्हणजे बहुतांशी खजिन्याचा शोध असे. मजूर लावायचे, वाळू उपसायची, मूर्ती किंवा दागिने निघाले की पेटाऱ्यात भरायचे. १८९९ साली फीबी हर्स्ट या धनाढ्य अमेरिकन बाईंनी रायस्नर यांना उत्खननासाठी पैसा दिला आणि त्यांनी वेगळी वाट धरली. नागा अद्‌ देर या ठिकाणी एका जुन्या दफनभूमीचे त्यांनी शेवटच्या कबरीपर्यंत उत्खनन केले. श्रीमंताची कबर असो की भिकाऱ्याची, लुटलेली असो की शाबूत, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीचा नकाशा, प्रत्येकीचे छायाचित्र. मातीचा थर काढला की थांबायचे, लिहायचे, मगच पुढचा थर. आज पुरातत्त्वाचा विद्यार्थी पहिल्या वर्षी जे शिकतो, ते तेव्हा अनेकांना वेळेचा अपव्यय वाटत होते.

या दिवसांतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. देर अल्‌ बल्लास येथे रायस्नर यांच्या तळाजवळच्या ढिगाऱ्यातली माती शेतात खत म्हणून न्यायची एका शेतकऱ्याला परवानगी हवी होती. ती मिळाली. १९०१ सालच्या वसंतात त्याची परतफेड म्हणून त्या शेतकऱ्याने एक जुनी गुंडाळी आणून दिली. ती प्राचीन ईजिप्तमधल्या औषधोपचारांची पोथी निघाली. आज ती हर्स्ट पपायरस म्हणून जगभर प्रसिद्ध आहे.

दुसरी गोष्ट गिझाची. १९०२-०३ च्या हंगामात पिरॅमिडांच्या परिसरात खोदण्याचा हक्क इटालियन, जर्मन आणि अमेरिकन अशा तीन पथकांना मिळाला. वाटणी कशी करायची? तिन्ही प्रमुख मेना हाउस हॉटेलच्या व्हरांड्यात जमले, चिठ्ठ्या एका हॅटमध्ये टाकल्या आणि मिसेस रायस्नर यांनी त्या उचलल्या. चार-साडेचार हजार वर्षांच्या इतिहासाची वाटणी आपल्याकडच्या भिशीसारखी झाली म्हणायची!

धरण आले

ब्रिटिशांच्या अमलाखाली असलेल्या ईजिप्तमध्ये तेव्हा कापसाची हाव वाढत होती. कापसाला बारमाही पाणी हवे. नाईलचा पूर उन्हाळ्यात येऊन समुद्राला मिळायचा. तो अडवण्यासाठी आस्वान येथे धरणाची आखणी झाली. आखणी करणारे इंजिनिअर विल्यम विलकॉक्स यांचा जन्म हिंदुस्थानातला आणि शिक्षणही रुडकीच्या कॉलेजातले. आपल्या कालव्यांवर तयार झालेली विद्या अशी नाईलवर गेली. पण धरणाच्या मागे फिले नावाचे बेट होते आणि त्यावर इसिस देवीचे सुंदर मंदिर. युरोपातल्या विद्वानांनी आरडाओरडा केला, तेव्हा धरणाची उंची कमी करण्यात आली. १९०२ साली ते पूर्ण झाले. तरीही वर्षातले काही महिने फिलेच्या मंदिरात पाणी शिरायचे आणि प्रवासी खांबांमधून होड्या फिरवायचे.

ही तडजोड पाच वर्षेच टिकली. पाणी पुरेना. १९०७ साली धरणाची भिंत पाच मीटरनी वाढवायचे ठरले. पाण्याची पातळी सात मीटरनी चढणार होती. ऐकायला सात मीटर म्हणजे काहीच नाही. पण नाईलचे खोरे तिथे अरुंद आणि उतार अगदी कमी. त्यामुळे हे पाणी आस्वानपासून दक्षिणेला वादी अस्‌ सेबुआपर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर मागे पसरणार होते. हा सगळा प्रदेश नुबियाचा. ईजिप्त आणि सुदान यांच्यामधली ही अरुंद हिरवी पट्टी. दोन्ही बाजूंना वाळवंट आणि मधे नदीकाठाला बिलगून असलेली गावे, खजुरांच्या रांगा आणि जुनी दफने.

या वेळी मात्र आरडाओरडा फक्त मंदिरांपुरता राहिला नाही. सरकारच्या भूमापन खात्याचे प्रमुख कॅप्टन हेन्री लायन्स यांनी स्वतः फिलेला काम केले होते. पाणी चढण्याआधी मंदिरांची डागडुजी तर व्हावीच, पण बुडणाऱ्या सगळ्या जमिनीची पाहणीही व्हावी, असे ठरले. सरकारने त्यासाठी पैसा मंजूर केला. धरण बांधणाऱ्या सरकारनेच बुडणाऱ्या इतिहासाचा खर्च उचलायचा, हे तत्त्व आज अनेक देशांत कायद्याचे झाले आहे. त्याची सुरुवात इथे झाली. काम कोणाला द्यायचे याबद्दल फारसा प्रश्न नव्हता. कबरीमागून कबर न थकता नोंदणारा माणूस एकच होता.

पावलोपावली, दोन्ही काठांनी

सप्टेंबर १९०७ मध्ये आस्वानच्या वरच्या अंगाला शेलाल येथे काम सुरू झाले. रायस्नर यांच्यापुढचा प्रश्न आधीच्या कोणत्याही उत्खननापेक्षा वेगळा होता. एरवी पुरातत्त्वज्ञ जागा निवडतो. इथे जागा पाण्याने निवडली होती. वेळही पाण्यानेच ठरवली होती. भिंत पूर्ण होण्याआधी दोन्ही काठ पालथे घालायचे होते. काय महत्त्वाचे आणि काय नाही, हे आधी ठरवता येत नव्हते, कारण परत येऊन पाहण्याची सोय नव्हती.

त्यांनी पद्धत ठरवली. नदीच्या दोन्ही काठांनी उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जायचे. वाळूवर खापरे दिसली, हाडांचा तुकडा दिसला, मातीचा रंग बदलला की चाचणीचे खड्डे घ्यायचे. दफनभूमी सापडली की तिला क्रमांक द्यायचा, तिचा नकाशा काढायचा आणि कबरी उघडायच्या. प्रत्येक कबरीत देह कोणत्या कुशीवर आहे, डोके कोणत्या दिशेला आहे, भांडी कुठे ठेवली आहेत, खड्डा गोल आहे की लांबट, हे सारे टिपायचे. चार हंगामांत दीडशेच्या आसपास दफनभूमी आणि आठ हजारांहून अधिक कबरी या रीतीने नोंदल्या गेल्या. पहिला हंगाम रायस्नर यांनी स्वतः चालवला. पुढचे तीन हंगाम त्यांचे सहकारी सेसिल फर्थ यांनी त्याच शिस्तीने पार पाडले.

अडचण अशी, की यातल्या बहुतेक लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नव्हते. राजाचे नाव नाही, साल नाही. मग कोण आधीचे आणि कोण नंतरचे हे कसे ठरवायचे? रायस्नर यांनी खापरांना बोलते केले. एका प्रकारच्या कबरीत एका प्रकारचीच भांडी सापडत होती. त्यांत अधूनमधून ईजिप्तहून आलेली एखादी वस्तू असे आणि तिचा काळ माहीत असे. अशा वस्तूंच्या आधाराने त्यांनी सगळ्या कबरी काळाच्या ओळीत लावल्या. लोकांची नावे माहीत नव्हती, म्हणून त्यांना इंग्रजी मुळाक्षरे दिली. अंडाकृती खड्ड्यात पाय दुमडून निजवलेले, पातळ रंगीत मडकी बाळगणारे ते 'ए' गटाचे. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी तीन-साडेतीन हजार वर्षांचा. कबरीवर दगडांचे गोल कडे रचणारे, काळ्या भांड्यांवर नक्षी कोरून तिच्यात पांढरा रंग भरणारे, गुरांवर जीव असलेले ते 'सी' गटाचे. आणि इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकातले, ज्यांचा ठाव लागत नव्हता, ते 'एक्स' गटाचे.

ही नावे त्यांनी तात्पुरती म्हणून दिली होती. त्यातला 'बी' गट पुढे बाद झाला. त्या गरीब दिसणाऱ्या कबरी मुख्यतः 'ए' गटाच्याच लुटलेल्या कबरी होत्या, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले. पण 'ए' गट आणि 'सी' गट ही नावे आजही चालू आहेत. कागदाच्या कपट्यावर घाईने लिहिलेले एखादे नाव शंभर वर्षे टिकावे, तसे हे झाले.

हाडे काय सांगतात

या पाहणीत रायस्नर यांनी आणखी एक नवी गोष्ट केली. त्यांनी शरीरशास्त्राचे जाणकार सोबत घेतले. कैरोच्या वैद्यकीय महाविद्यालयातले ग्राफ्टन एलियट स्मिथ आणि तरुण डॉक्टर फ्रेडरिक वूड जोन्स यांनी हजारो सांगाडे आणि वाळवंटाच्या कोरड्या वाळूत टिकून राहिलेले देह तपासले. कोणाचा हात मोडून पुन्हा जुळला होता, कोणाच्या सांध्यांना वात लागला होता, कोणती बाई बाळंतपणात गेली, हे त्यांनी लिहून ठेवले. पुष्कळांच्या मनगटाच्या वरचे हाड मोडलेले पाहून डोक्यावर आलेला फटका हाताने अडवण्याची वेळ या माणसांवर वारंवार आली असावी, असा तर्क वूड जोन्स यांनी केला. प्राचीन माणसांच्या रोगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्या कामांपासून जोमाने सुरू झाला, त्यांत या पाहणीची गणना होते. त्यातली पुष्कळ हाडे लंडनला गेली आणि १९४१ साली जर्मन बॉम्बहल्ल्यात तिथल्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. पाण्यातून वाचले ते आगीत गेले. उरले ते पुन्हा कागदावर लिहिलेले.

रायस्नर यांचा अहवाल १९१० साली नकाशे आणि छायाचित्रांसह छापून निघाला. १९१२ साली धरणाची वाढीव भिंत पूर्ण झाली आणि पाणी चढले.

इथे एक प्रश्न मनात येतो आणि तो टाळता येत नाही. मेलेल्या माणसांची एवढी काळजी घेणाऱ्या या पाहणीत जिवंत माणसे कुठे होती? नुबियन लोकांची घरे, त्यांची भाषा, त्यांची गाणी यांची नोंद करणे हे या पाहणीचे काम नव्हते. पाणी आले तशी त्यांनी घरे टेकाडांवर चढवली. खजुराची झाडे आणि काठची काळी जमीन मात्र वर नेता येत नव्हती. पुरुष कैरो आणि अलेक्झांड्रियाला गेले, कोणी स्वयंपाकी झाले, कोणी मोठ्या इमारतींचे दरवान. गावात बाया, म्हातारे आणि मुले राहिली. १९३३ साली धरण पुन्हा उंच झाले, तेव्हा हेच पुन्हा घडले. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना ही कहाणी वेगळ्याने सांगायला नको.

केर्माची चूक

नुबियाने रायस्नर यांना सोडले नाही. १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी सुदानमध्ये तिसऱ्या धबधब्याजवळ केर्मा येथे उत्खनन केले. तिथे मातीचे प्रचंड गोल ढिगारे होते. खाली मधल्या दालनात एक मोठा माणूस पलंगावर निजवलेला आणि त्याच्यासोबत पुरलेली शेकडो माणसे. अप्रतिम चकचकीत मडकी, हस्तिदंताचे काम, आणि त्यातच ईजिप्तमधल्या असियूट प्रांताचा सरदार हेप्झेफा याचा व त्याच्या पत्नीचा पुतळा.

रायस्नर यांनी निष्कर्ष काढला, की इथे ईजिप्तच्या सुभेदारांचे ठाणे होते आणि या कबरी त्या सुभेदारांच्या आहेत. परमुलखात राहून त्यांनी तिथल्या चालीरीती उचलल्या असाव्यात. इतके उत्तम काम आणि इतकी सत्ता आफ्रिकेतल्या काळ्या लोकांची स्वतःची असेल, हे त्यांच्या मनाला पटेना. नुबियाच्या इतिहासात चांगले दिसले की ते बाहेरून आलेल्या गोऱ्या वर्णाच्या लोकांचे आणि ऱ्हास दिसला की तो स्थानिक रक्ताचा, अशी त्यांची मांडणी होती. त्या काळातल्या पुष्कळ विद्वानांची ती होती, हे खरे. पण मातीचा प्रत्येक थर तपासणाऱ्या माणसाने आपल्या मनातला हा थर तपासला नाही, हेही तेवढेच खरे.

चूक फार काळ झाकली राहिली नाही. हर्मन युंकर यांनी १९२० च्या सुमारासच शंका काढली. हेप्झेफाची मोठी कबर ईजिप्तमध्ये असियूटलाच होती. केर्माच्या त्या कबरी त्याच्यानंतर कित्येक पिढ्यांनी खोदलेल्या होत्या. म्हणजे पुतळा तिथे लुटीतून किंवा व्यापारातून आला होता. कबरी कुशच्या राजांच्या होत्या, ज्यांच्या सामर्थ्याची ईजिप्तलाही धास्ती होती. पुढे १९७० च्या दशकापासून स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बॉने यांनी केर्माचे नगर उघडे केले, तेव्हा उरलासुरला संशय गेला.

पण यात एक गंमत आहे. रायस्नर यांना खोटे ठरवायला पुरावा कुठून मिळाला? बहुतांशी त्यांच्याच वह्यांतून. कोणते भांडे कोणत्या कबरीत, कोणत्या जागी होते, हे त्यांनी स्वतःच्या मताला सोयीचे असो वा नसो, जसेच्या तसे लिहून ठेवले होते. मत चुकले, नोंद चुकली नाही. स्वतःविरुद्धचा साक्षीदार स्वतःच्याच हाताने जपून ठेवणारी माणसे कोणत्याही क्षेत्रात थोडी असतात.

रिकामी शवपेटी

रायस्नर यांचे नाव सामान्य वाचकापर्यंत पोचले ते मात्र गिझामुळे. १९०८ ते १९१० या काळात मेनकौरे राजाच्या मंदिरात त्यांना ते विख्यात पुतळे मिळाले, जे आज कैरो आणि बॉस्टन येथे आहेत. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे सापडलेल्या वस्तूंची वाटणी होई आणि मोठा हिस्सा परदेशी पथकाला मिळे. नुबिया आणि सुदानचा बराच ठेवा असाच बॉस्टनच्या संग्रहालयात जाऊन बसला. यावर आज वेगळे बोलले जाते आणि ते योग्यच आहे.

फेब्रुवारी १९२५ मध्ये, रायस्नर अमेरिकेत असताना, त्यांचे छायाचित्रकार मोहम्मदानी इब्राहिम मोठ्या पिरॅमिडच्या पूर्वेला कॅमेऱ्याची तिपाई उभी करत होते. तिपाईचा एक पाय चुन्याच्या गिलाव्यात रुतला. तो गिलावा काढल्यावर खाली सुमारे सत्तावीस मीटर खोल विहीर निघाली. तळाशी खुफू राजाची आई हेटेफेरेस हिचे सामान होते. पण लाकूड कुजून भुगा झालेले, आणि सोन्याचे पत्रे व जडावाचे बारीक तुकडे एकमेकांवर कोसळलेले. तूतनखामेनच्या शोधाला जेमतेम अडीच वर्षे झाली होती. वर्तमानपत्रे घाई करत होती. रायस्नर यांनी घाई केली नाही. चिमट्याने एकेक तुकडा उचलण्याआधी त्याची जागा टिपली. हजारावर छायाचित्रे घेतली. त्या नोंदींवरूनच राणीचा पलंग, खुर्ची, पालखी आणि चांदवा पुन्हा उभा करता आला. लाकूड नवे, सोने जुने. १९२७ साली दगडी शवपेटी उघडली, तर ती रिकामी होती! जमलेल्या बड्या पाहुण्यांचा विरस झाला असेल. रायस्नर यांचे काम मात्र त्याआधीच झाले होते.

हे सारे एकट्याने झाले नाही. रायस्नर यांचे मजूर आणि मुकादम नाईलकाठच्या कुफ्त या गावचे. बापाकडून मुलाकडे गेलेले हे कौशल्य. मुकादमाला तिथे रईस म्हणतात. सईद अहमद सईद हे रायस्नर यांचे मुख्य रईस. रायस्नर यांनी या माणसांना छायाचित्रण शिकवले, नोंदी लिहायला शिकवले. ते रोजची रोजनिशी अरबीत लिहीत. रायस्नर यांच्या इंग्रजी वह्यांच्या सावलीत राहिलेल्या या अरबी वह्या त्यांच्या वारसांनी जपून ठेवल्या होत्या. एकविसाव्या शतकात त्या संशोधकांच्या हाती आल्या आणि त्या विख्यात उत्खननांच्या कथेत इतके दिवस बिनचेहऱ्याची असलेली माणसे दिसू लागली.

पिरॅमिडांच्या सावलीत

रायस्नर हे स्थूल, पाईप ओढणारे, सवयींचे गृहस्थ होते. पिरॅमिडच्या पश्चिमेला मातीच्या विटांची साधी घरे बांधून ते राहत. त्या तळाला हार्वर्ड कॅम्प म्हणत. त्यांना एकच चैन होती. रहस्यकथा! हजारावर रहस्यकथा त्यांनी जमवल्या आणि मृत्युपत्रात तो संग्रह आपल्या विद्यापीठाच्या नावे केला. दिवसभर चार हजार वर्षांपूर्वीच्या चोरांचा माग काढायचा आणि रात्री लंडनच्या चोरांचा.

म्हाताऱ्या वयात त्यांची दृष्टी गेली. डोळ्यांनी टिपण्यावर ज्याचे आयुष्य उभे, त्यालाच दिसेनासे झाले. तरी ते थांबले नाहीत. जुन्या नोंदी कोणीतरी वाचून दाखवायचे आणि ते पुस्तकाचा मजकूर सांगत जायचे. १९३९ साली हार्वर्डने त्यांना मानाची पदवी दिली. ती घेऊन ते परत आपल्या वाळूत आले. युद्ध सुरू झाले होते. पश्चिमेला वाळवंटात रोमेलच्या रणगाड्यांची लढाई पेटलेली असताना, ६ जून १९४२ रोजी रायस्नर यांनी हार्वर्ड कॅम्पमध्येच शेवटचा श्वास घेतला. कैरोच्या अमेरिकन दफनभूमीत त्यांना पुरले. हजारो कबरी उघडणाऱ्याची कबर अगदी साधी.

मागे काय राहिले

त्यांच्या पश्चात नाईलवर आणखी मोठे धरण आले. उंच आस्वान धरणाच्या कामाला १९६० साली सुरुवात झाली आणि युनेस्कोने साऱ्या जगाला हाक दिली. अबू सिंबेलची मंदिरे कापून वर उचलली गेली, फिलेचे मंदिर शेजारच्या बेटावर नेले गेले. अनेक देशांची पथके नुबियात उतरली. त्यात आपलेही एक होते. १९६१-६२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. बी. लाल पथक घेऊन अफ्ये या ठिकाणी गेले आणि 'सी' गटाच्या शंभरावर कबरी त्यांनी उघडल्या. रायस्नर यांनी घाईत दिलेले ते अक्षर अशा रीतीने भारतीय अहवालातही आले. त्याच सुमारास कृष्णेच्या खोऱ्यात नागार्जुनकोंडा बुडणार होते. १९५४ ते १९६० या काळात तिथे मोठे उत्खनन झाले आणि निवडक वास्तू उचलून टेकडीवर नेल्या. ती टेकडी आज जलाशयातले बेट झाली आहे.

सेम्ना, उरोनार्ती, शल्फाक, मिर्गिसा. दुसऱ्या धबधब्याजवळचे हे ईजिप्शियन किल्ले रायस्नर यांच्या पथकाने १९२० आणि ३० च्या दशकांत खोदले होते. १९६० च्या दशकात तो मुलूख पाण्याखाली गेला आणि त्यांच्या वह्या अचानक अनमोल झाल्या. वरच्या अंगाला नुरी येथे त्यांनी उघडलेल्या पिरॅमिडांखालच्या दालनांत भूजल चढले आहे. २०१९ साली तिथल्या नास्तासेन राजाच्या कबरीत उतरताना पुरातत्त्वज्ञांना पाणबुड्याचा वेष घालावा लागला. जिथे रायस्नर यांचा माणूस कंदील घेऊन उतरला होता, तिथे आज प्राणवायूची नळी लागते.

आणि नुबियन लोक? १९६३-६४ साली ईजिप्त आणि सुदान मिळून लाखाच्या घरातली माणसे आपली नदी सोडून दूरच्या वसाहतींत गेली. १९९७ साली आस्वानला नुबियाचे संग्रहालय उघडले. तिथे जुन्या राजांच्या मूर्तींबरोबर नुबियन घराचा उंबरठा, भांडी आणि लग्नाचे कपडेही ठेवले आहेत. १९०७ साली जे नोंदीत आले नाही, त्याला नव्वद वर्षांनी जागा मिळाली.

धरणे हवीत की नकोत, हा वाद आपल्याकडे झाला आणि पुढेही होत राहील. त्याचा निकाल रायस्नर यांच्या चरित्रात मिळणार नाही. ते धरण अडवायला गेले नव्हते. पाणी येणारच, हे धरून ते पाण्याच्या आधी पोचले आणि जे हाती लागले ते लिहून ठेवले. त्यांनी जे लिहिले नाही, ते कायमचे बुडाले. त्यांनी जे लिहिले, त्यातून पुढच्यांनी त्यांचीच चूक दुरुस्त केली. बुडीत क्षेत्रात उभे राहून यादी करणाऱ्या माणसाला दुसरी संधी नसते. त्या यादीत कोणाकोणाला घ्यायचे, हे त्यानेच ठरवायचे असते.

पुढच्या उन्हाळ्यात पळसदेवचे शिखर पाण्यावर येईल, तेव्हा त्याचे फोटो निघतीलच. पण त्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला, इथे वेस कुठे होती, विहीर कुठे होती, हे विचारून कोणी वहीत लिहून घेतले, तर बरे होईल. तेही पाणी चढण्याआधीच.